देवमासे जेवायला दक्षिणेलाच का जातात?

ओहोटी
मंडळी, घरातला वाद चव्हाट्यावर आणतोय. आमचे धाकटे बंधू, मुक्काम पोस्ट गुहागर, यांचं म्हणणं असं की बर्फाच्या समुद्रात काय ठेवलंय, जीवसृष्टी बघायची तर आपली खाडी बघा. माझं म्हणणं, तसं असेल तर निळे देवमासे एवढी पायपीट करून जेवायला अंटार्क्टिकाला का जातात? वेळणेश्वरची खानावळ बंद आहे का?

आता खरे प्रश्न. देवमाशाचं जेवण क्रिल (कोळंबीसारखा इवलासा जीव), क्रिलचं जेवण डोळ्यांना न दिसणारे प्लवक (पाण्यात तरंगत राहणारे जीव), इथपर्यंत मला ठाऊक आहे. त्याच्या खाली काय चालतं? हे प्लवक एकमेकांना खातात का, तोंड तरी असतं का त्यांना? आणि तिकडे महिनोन्महिने सूर्य उगवत नाही तेव्हा खातात काय? जाती तिकडे जास्त की आपल्याकडे? नेटवर शोधलं की सगळं पेंग्विनवर येऊन थांबतं. जाणकारांनी लिहावं.

सुरमई७७
पहिला नंबर माझा! पॉपकॉर्न नाही, सुकट भाजून बसलेय. येऊ द्या.

पायपीट_तज्ज्ञ
देवमाशाची पायपीट?? पाय कुठायत त्याला. (हलके घ्या.)

अणुरेणू
जाती आपल्याकडे जास्त. बंधूंचा तेवढा मुद्दा मान्य करून टाका. 'तारा' नावाच्या शिडाच्या जहाजाने २००९ ते २०१३ या काळात जगभरचं समुद्राचं पाणी गाळून आणलं, त्यातल्या डीएनएवरून कोण कोण आहे ते पाहिलं. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाऊ लागलं की प्लवकांच्या बहुतेक गटांची विविधता उतरत जाते. गंमत म्हणजे विषाणूंनी हा नियम पाळला नाही. त्यांचे १,९५,७२८ प्रकार सापडले आणि आर्क्टिकमध्ये त्यांची विविधता कोणाच्या ध्यानीमनी नसताना भरपूर निघाली.

पण जाती किती आणि माल किती हे दोन वेगळे हिशोब आहेत. आपल्याकडे वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या गार पाण्यावर बसून राहतं. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट हे सगळं खत खालीच अडकतं. पावसाळ्यात वारा आणि प्रवाह खालचं पाणी किनाऱ्याजवळ वर आणतात, तेव्हा आपल्या तारली-बांगड्याची चैन होते. दक्षिण महासागरात वादळं पाणी सतत ढवळत असतात, खत वर्षभर हाताशी, आणि उन्हाळ्यात रात्रच नाही. मग मोजक्याच जाती फोफावतात, पण अफाट. देवमाशाला ताटात पंधरा पदार्थ नको असतात, एकाच पदार्थाचा ढीग हवा असतो.

खाण्याच्या तऱ्हांबद्दल रात्री सविस्तर लिहिते. तो भाग सगळ्यात भारी आहे.

बावळट_बगळा
माहितीपूर्ण प्रतिसाद. एक भर: सगळेच देवमासे दक्षिणेला जात नाहीत. आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक इथेच राहतात, इथेच जेवतात, इथेच पिल्लं घालतात. बाकीच्या जगातले हंपबॅक दर वर्षी ध्रुवाकडे जेवायला जातात, हे मात्र नाहीत. म्हणजे खानावळ अगदीच बंद नाही.

ओहोटी
@बगळा, हे भावाला सांगणार नाही.

कातळसडा
शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून थोडं आपल्या अंगणातलं. ध्रुवावर जायची सोय नसेल तर बंदराच्या धक्क्यावर जा. आम्ही मुलांना घेऊन नायलॉनचा पायमोजा तारेच्या कड्याला शिवतो, पंजा कापून तिथे छोटी बाटली बांधतो आणि भरतीला धक्क्यावरून हळूहळू ओढतो. बाटलीत जमलेलं तपकिरी पाणी शाळेच्या साध्या मायक्रोस्कोपखाली पुरतं. तीन शिंगांचा सिरॅशियम, तबकडीचा कॉसिनोडिस्कस, कपाळावर एकच लाल डोळा असलेला कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या नात्यातला मिलिमीटरभर जीव. मुलं त्याला लगेच नाव ठेवतात. गेल्या वर्गाने 'एकाक्ष' ठेवलं होतं.

तारलीचं पोट कापून आतला हिरवट लगदा पाण्यात पातळ करून बघणं हा दुसरा धडा. त्यात डायटमची, म्हणजे काचेसारख्या कवचाच्या एकपेशीय शैवालाची, कवचं दिसतात. घरी आई ओरडतात, पण मुलं प्लवक विसरत नाहीत.

सुरमई७७
सर, आमच्या वेळी असे मास्तर कुठे होते.

अणुरेणू
रात्र झाली, टंकते. लांबेल.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाकू या: 'वनस्पती प्लवक खाद्य, प्राणी प्लवक खाणारे' ही शाळेतली विभागणी. समुद्रातलं सगळ्यात जास्त चरणं एकपेशीय जीव करतात. जगभरच्या प्रयोगांची सरासरी काढली तर रोज जेवढं शैवाल उगवतं त्यातला निम्म्याहून जास्त वाटा हे एकपेशीयच फस्त करतात. ध्रुवाकडेही चित्र साधारण हेच.

हे मोजतात कसं, ते बघण्यासारखं आहे. समुद्राचं पाणी घ्यायचं. त्यातला काही भाग इतका बारीक गाळायचा की त्यात जीवच उरणार नाही. मग बाटल्यांमध्ये दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायचं आणि समुद्राच्याच तापमानात एक दिवस ठेवायचं. जितकं पाणी पातळ, तितकी खाणाऱ्याची आणि खाद्याची गाठ कमी पडते, आणि शैवाल तितकं जोरात वाढलेलं दिसतं. त्या फरकावरून खाल्लं किती गेलं ते काढतात. मी हे काम इथल्या किनाऱ्यावर केलंय. धक्क्याला दोरीने बाटल्या टांगून ठेवायच्या आणि कोणी पोरगं त्या सोडवून नेत नाही ना यासाठी रात्रभर जागायचं, हा त्यातला अवघड भाग.

आता तऱ्हा. ध्रुवीय पाण्यात जायरोडिनियम नावाचा डायनोफ्लॅजेलेट (चाबकासारख्या दोन शेपट्यांनी पोहणारा एकपेशीय जीव) असतो, अंगावर कवच नाही. तो स्वतःएवढा, प्रसंगी स्वतःहून लांब डायटम सरळ गिळतो, मग पोटातल्या डायटमच्या आकाराने त्याचं अंग ताणून निघतं. दुसरे काही जण गिळतच नाहीत. एक बारीक नळी काढून सावजात खुपसतात आणि आतला ऐवज शोषतात.

माझा लाडका प्रोटोपेरिडिनियम. हा चिलखती, गिळायचं म्हटलं तरी जमणार नाही. डायटमची साखळी सापडली की तो तिच्याभोवती घिरट्या घालतो, मग एक धागा तिला चिकटवतो. त्या धाग्यावरून त्याच्या अंगातला पातळ पारदर्शक पडदा बाहेर सरकतो आणि साखळीवर पसरत जातो. साखळी त्याच्या कितीतरी पट लांब असली तरी चालतं. आतलं सगळं बाहेरच पचवायचं, रस ओढून घ्यायचा आणि पडदा पुन्हा आत. मागे डायटमची रिकामी काच तरंगत राहते.

बावळट_बगळा
रापण! किनाऱ्यावरून ओढतात ते मोठं जाळं, शुद्ध रापण आहे ही!!

मालवणी_झील
रापण ओढूक आमका चाळीस माणसा लागतत, हो एकटोच ओढता!

सुरमई७७
आणि वाटणी कोणाला द्यायची नाही. सोन्यासारखा धंदा.

अणुरेणू
:) मंजूर.

चोरांबद्दल राहिलं. मेसोडिनियम नावाचा एक सिलिएट (अंगावरच्या बारीक केसांनी पोहणारा एकपेशीय जीव) आहे, अंटार्क्टिकातही सापडतो. तो क्रिप्टोफाइट नावाचं बारीक शैवाल खातो पण पूर्ण पचवत नाही. त्याचे हरितलवक जपून ठेवतो आणि त्यांच्याकडून उन्हात अन्न बनवून घेतो. लवक चालू राहावेत म्हणून सावजाचं केंद्रकसुद्धा सांभाळतो. रॉस समुद्रातला एक डायनोफ्लॅजेलेट हाच उद्योग फिओसिस्टिस नावाच्या शैवालावर करतो.

शिवाय हिरवे असूनही जिवाणू खाणारे आहेत, उदाहरणार्थ पिरॅमिमोनास. दिवसा वनस्पती, गरज पडली तर शिकारी. ओहोटी यांनी विचारलं होतं ना अंधारात काय खातात? एक उत्तर हे: तिकडे नुसत्या उजेडावर अवलंबून राहणं परवडत नाही, म्हणून दोन्ही दुकानं उघडी ठेवणारे बरेच.

पायपीट_तज्ज्ञ
चोरीचं केंद्रक सांभाळणं म्हणजे बाइकबरोबर मेकॅनिक पण उचलून आणणं.

दर्यावर्दी
धागा वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. मी अंटार्क्टिकात भारताच्या मैत्री स्टेशनवर एक उन्हाळा गाड्यांच्या देखभालीवर काढलाय. शास्त्रज्ञ नाही. पण जाताना जहाज बर्फ फोडत पुढे सरकतं तेव्हा लाद्या उलट्या होतात आणि त्यांची खालची बाजू तपकिरी दिसते. मला वाटलं जहाजाचंच तेल सांडलं. बरोबरच्या संशोधक बाईंनी लादीचा तुकडा वर घेऊन दाखवला: बर्फाच्या आत केसाएवढ्या नळ्या, त्यांत खारट पाणी आणि त्या पाण्यात डायटम. समुद्राचं पाणी गोठताना मीठ बाहेर टाकतं, ते या नळ्यांत साठतं म्हणून तिथलं पाणी गोठत नाही. हिवाळ्यात क्रिलची पिल्लं बर्फाच्या पोटाला उलटी लटकून हेच खरवडून खातात म्हणे.

भारताच्या पहिल्या मोहिमेचं जहाज ६ डिसेंबर १९८१ ला गोव्यातूनच सुटलं होतं आणि तिचे प्रमुख एस. झेड. कासिम हे प्लवकांवरही काम केलेले शास्त्रज्ञ. हे आपल्या लोकांना फार ठाऊक नसतं.

ओहोटी
दर्यावर्दी काका, फोटो आहेत का?

दर्यावर्दी
रोल धुवून आणले तेव्हा निम्मे पांढरे आले. बर्फ होता की रोल खराब होता सांगता येत नाही.

बावळट_बगळा
@अणुरेणू, एक शंका, थोडा विरोधही. थंडीत सगळ्यांचंच काम मंदावतं ना? मग खाणारेही सुस्त, उगवणारेही सुस्त. हे निम्म्याहून जास्त फस्त वगैरे पटायला जड जातंय. शिवाय पाणी दाट होतं ते वेगळंच.

अणुरेणू
शंका योग्य आहे आणि यावर भांडणं चालू आहेत. एक मत असं की गारठ्याचा फटका एकपेशीय खाणाऱ्यांना शैवालापेक्षा जास्त बसतो. वसंतात उजेड आला की शैवाल आधी सुटतं, खाणारे मागे राहतात आणि पाणी हिरवं होतं. दुसरी बाजू म्हणते की तिथले जीव त्या थंडीलाच सरावलेले आहेत, आपल्या इथल्या जिवाला फ्रीजमध्ये ठेवून निष्कर्ष काढू नका. मला दुसरी बाजू जास्त पटते, पण बहराची सुरुवात कशी होते यासाठी पहिली कामाची आहे.

दाट पाण्याचं म्हणाल तर शून्याजवळचं पाणी आपल्या २८ अंशांच्या पाण्यापेक्षा साधारण दुप्पट चिकट. मिलिमीटरभर कोपेपॉडला त्यात हातपाय मारले तरी घसरून पुढे जाता येत नाही, मारायचं थांबलं की तिथेच थांबला. पूर्वी समज होता की तो पायांच्या केसांनी पाणी चाळतो. वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं तेव्हा दिसलं की असल्या पाण्यात ती चाळणी चालतच नाही. तो पायांनी प्रवाह तयार करतो, एकेक कण जवळ आला की त्याचा वास-स्पर्श घेतो, हवा असेल तर पाण्याच्या गोळ्यासकट पकडतो, नको असेल तर ढकलून देतो. निवडून खातो. त्याच्या जबड्याच्या कडांना सिलिकाचे दात असतात, डायटमची काच फोडायला. आणि दक्षिण महासागरातला फ्रॅजिलॅरिऑप्सिस कर्ग्युलेन्सिस हा डायटम त्यावर उपाय म्हणून इतकं जाड कवच बाळगतो की बऱ्याच जणांना तो फुटतच नाही.

कातळसडा
हे उद्याच्या तासाला वापरतो. परवानगी गृहीत धरतोय.

सुरमई७७
अवांतर: देवगड-वेळणेश्वरला हिवाळ्यात रात्री लाटा निळ्या चमकतात ते पण हेच जीव का? आम्ही गाडी काढून बघायला गेलो होतो, गर्दीच्या मोबाइलचा उजेड लाटांपेक्षा जास्त.

अणुरेणू
हो, बहुतेक वेळा नॉक्टिलुका. साध्या डोळ्यांनीही ठिपका दिसेल एवढा मोठा, डायनोफ्लॅजेलेटच, आणि कडक खादाड. डायटम खातो, माशांची अंडीही सोडत नाही. पाणी हललं की चमकतो. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात त्याचा हिरवा प्रकार माजतो. त्याच्या पोटात जिवंत हिरवं शैवाल वस्तीला असतं आणि तो त्याच्या कमाईवरही जगतो. म्हणजे दोन दुकानांची भानगड आपल्या दारातही आहे.

पाणकाका
धागा उशिरा पाहिला. लोहाफेक्सचा उल्लेख कोणीच कसा केला नाही? गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून २००९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये 'पोलारस्टर्न' जहाजावरून हा प्रयोग केला. दक्षिण महासागरात खत भरपूर पण लोह नगण्य, त्यामुळे शैवाल अर्धपोटी. म्हणून सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात विरघळलेलं लोह सोडलं. अपेक्षा अशी की शैवाल वाढेल, मरून तळाला जाईल आणि हवेतला कार्बन त्याच्याबरोबर गाडला जाईल.

शैवाल वाढलं, पण बेताचंच. त्या पाण्यात डायटमच्या कवचाला लागणारं सिलिकेट आधीच संपत आलेलं, त्यामुळे जाड कवचाचे डायटम वाढू शकले नाहीत, मऊ शैवालच उगवलं. ते कोपेपॉडनी चरून साफ केलं. मग कोपेपॉडवर थेमिस्टो नावाच्या अँफिपॉडनी (कोळंबीच्या नात्यातलेच, पण कोपेपॉडहून मोठे) ताव मारला. तळाला कार्बन गेला तो किरकोळ. हवामान वाचवायला निघालेल्यांनी मधल्या मंडळींना जेवण घातलं, बस्स.

त्याआधी जर्मनीत पर्यावरणवाद्यांनी एवढा गदारोळ केला की जहाज निघाल्यावर सरकारने प्रयोग थांबवून ठेवला होता, नंतर परवानगी दिली.

सुरमई७७
समुद्रात लोखंड ओतायचं हे ऐकूनच कसंसं झालं. गदारोळ बरोबरच होता.

पाणकाका
ताई, धुळीबरोबर आणि वितळत्या हिमनगांतून लोह निसर्गतःही जातंच. प्रयोग केला म्हणून तर कळलं की हा उपाय वाटतो तितका सोपा नाही. न करता नुसतं भांडत बसलो असतो तर आजही कोणीतरी हमखास इलाज म्हणून विकलं असतं.

सुरमई७७
विकणारे अजूनही विकतात हो काका. पण मुद्दा पोचला.

मालवणी_झील
ह्या सगळा वाचून बरा वाटला. पण माका एक सांगा, थंयसरचे किडे काय खातत तेचो माझ्या बांगड्याशी काय संबंध? हंय बांगडो गावना नाय तेचा काय?

पायपीट_तज्ज्ञ
शेवटी गाडी बांगड्यावर आलीच. तळलेला की सार?

अणुरेणू
@झील, उद्या बांगडा का लागला नाही याचं उत्तर अंटार्क्टिकात नाही. ते पर्ससीन (अख्खा थवा वेढणारी मोठी जाळी), जाळ्याची आस (भोकांचा आकार), वारा-प्रवाह यांत शोधायला लागेल आणि त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे मारामाऱ्या होतील.

पण संबंध आहे, लांबचा. दक्षिण महासागरात थंड होऊन बुडणारं पाणी सगळंच तळाला जात नाही, बरंचसं मधल्या खोलीवरून उत्तरेकडे पसरतं. २००४ च्या एका अभ्यासात हिशोब मांडला होता की ३० अंश दक्षिण अक्षांशाच्या उत्तरेला, म्हणजे आपण धरून उरलेल्या समुद्रात, जे काही उगवतं त्यातल्या तीन चतुर्थांशापर्यंत वाट्याचं खत या पाण्यातून येतं. आता वर सांगितलेला जाड काचेचा डायटम आठवा. तो सिलिकेट वाजवीपेक्षा जास्त ओढतो आणि मेल्यावर तिथेच तळाशी पडतो. म्हणून उत्तरेकडे निघालेल्या पाण्यात नायट्रेट असतं, सिलिकेट तुटपुंजं. तिकडे कोपेपॉडच्या भीतीने कवच जाड झालं आणि त्याची झळ अर्ध्या जगाच्या डायटमना, असा मामला.

मालवणी_झील
म्हणजे दोष तेंचोच. मी आधीच म्हणत होतंय.

ओहोटी
सगळ्यांचे आभार, पण माझा एक प्रश्न राहिला. हिवाळ्यात चोर आणि दोन दुकानवाले तगतात हे कळलं. कोपेपॉडचं काय? तो तर निवडून खाणारा. निवडायलाच काही नसेल तेव्हा?

अणुरेणू
तो चरबीवर. आर्क्टिकमधले कॅलॅनस नावाचे कोपेपॉड उन्हाळाभर डायटम खाऊन अंगात मेणासारख्या तेलाचा साठा करतात. सुक्या वजनात निम्म्याहून जास्त तेल असू शकतं. पारदर्शक अंगात ती तेलाची पिशवी सरळ दिसते. मग शेकडो मीटर खोल जाऊन निपचित पडतात. त्यांतला कॅलॅनस हायपरबोरियस तर हिवाळ्यात काही न खाता त्या साठ्यावरच अंडी घालतो. पण सगळे असे नाहीत. अंटार्क्टिकात कॅलॅनॉइडिस अक्यूटस खाली जाऊन झोपतो, त्याचा शेजारी कॅलॅनस प्रॉपिंक्वस मात्र जागा राहतो आणि हिवाळ्यात जे मिळेल ते, सिलिएटसुद्धा, खात राहतो. पाणी तेच, थंडी तीच, दोघांचे संसार वेगळे.

काळजीची गोष्ट अशी की आर्क्टिक तापतंय तसे दक्षिणेकडचे लहान, कमी चरबीचे कॅलॅनस वर सरकतायत. लिटल ऑक नावाचा चिमुकला पक्षी या मोठ्या तेलकट कॅलॅनसवर पिल्लं वाढवतो. त्याला आता तेवढ्याच पोटासाठी जास्त फेऱ्या. एक जात वाढली म्हणून खूश व्हायचं की नाही, हे कोण कोणाला पुरतं त्यावर ठरतं.

ओहोटी
भावाला अख्खा धागा पाठवला. उत्तर आलं: "जाती आपल्याकडे जास्त, हे पहिल्याच प्रतिसादात आहे. पुढचं वाचलं नाही."

बावळट_बगळा
=)) बंधूंना दंडवत.

कातळसडा
ज्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवून जाळीबद्दल विचारलं त्यांच्यासाठी इथेच: पायमोज्यातून बारीक डायटम निसटतात. स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे पॉलिएस्टरची जाळी मिळते, त्यांना सगळ्यात बारीक विणीचा तुकडा मागा, उरलेल्या कापात स्वस्तात देतात. कडं स्टीलचं घ्या, लोखंडाचं खाऱ्या पाण्यात आठवड्यात गंजतं. आणि बाटली घरी आणून ठेवू नका, त्याच दिवशी बघा. दुसऱ्या दिवशी कोपेपॉड सगळं खाऊन एकटाच फिरत असतो.